घर जरा डावीकडे असतं तर

बारकीने ट्रंक भरून दाराशी आणून ठेवली आणि म्हणाली, "रविवारी मी परत जाते."

वहिनी दाराच्या चौकटीवरची धूळ पुसत होती. त्या दिवशी पालिकेच्या इंजिनीअर बाई घर बघायला यायच्या होत्या, आणि कोणी घर बघायला येणार म्हटलं की वहिनीचा हात आधी फडक्याकडे जायचा, मग येणारा सोयरिकीचा असो की सरकारी. फडकं चौकटीवरच थांबलं.

"कुठे परत?"

"सासरी. दुसरं कुठे?"

"तिथे कोणी तुझ्याशी बोलत नाही, म्हणून आलीस ना तू?"

"म्हणूनच आले," बारकी म्हणाली. "पण आई, तिथे खोलीला दार आहे. मी लावलं की लागतं."

लेक आली तेव्हा वहिनीने तिला पोटाशी धरलं होतं, तोंडाला कुलूप लावून बसलेल्या त्या माणसांना मनातल्या मनात नाही नाही ते ऐकवलं होतं, आणि झोपायला पुढची खोली आणि स्वयंपाकघर यांच्या मधल्या बोळात जागा दिली होती. बोळाला पडदा लावला, चांगला जाड, फुलाफुलांचा. त्या पडद्याला खेटून पहाटे बाप कामावर जायचा, रात्री आत्या पाणी प्यायला जायची, आणि पोरीला अवघड वाटू नये म्हणून दोघंही आधी खोकायची. त्या खोकल्यानेच बारकी दचकून उठायची. वहिनीला हे आज ट्रंक बघून कळलं. मुक्या माणसांच्या घरातलं दार तिच्या लेकीला माहेरच्या पडद्यापेक्षा बरं वाटत होतं.

"आज बाई येतायत ना. माडीची परवानगी मिळाली की..."

"मिळाली की कळव. येईन मी."

तिच्या आवाजात राग नव्हता, रुसवाही नव्हता, आणि वहिनीला त्याचीच धास्ती वाटली. रुसलेली पोर वळवता येते. ही एकदा गेली की पुन्हा यायची नाही, हे दोघींनाही कळत होतं, आणि दोघीही ट्रंकेकडे बघत उभ्या होत्या.

पालिकेचा नियम असा की पाहणीच्या वेळी जागेचा मालक आणि त्याचे वारस हजर हवेत. मालक म्हणजे मिस्त्री, वहिनीचे सासरे. उभा जन्म त्यांनी होड्या बांधल्या. आता गुडघे गेले होते, डोळे अर्धे गेले होते, कान मात्र मांजराचे होते. मुलगे दोन. थोरला, वहिनीचा नवरा, ट्रक तोलायच्या वजनकाट्यावर कामाला होता आणि सगळे त्याला काटेवालाच म्हणायचे. धाकटा होड्यांची इंजिनं दुरुस्त करायचा, तो फिटर. या दोन भावांचं बोलणं बंद होऊन बरीच वर्षं झाली होती.

कारण घराच्या डाव्या अंगाची मोकळी पट्टी. फिटरला तिथे शेड टाकायची होती. बापाने हो म्हटलं, काटेवाल्याने मान डोलावली, आणि आडवी आली ती वहिनी. दारात दिवसभर इंजिनं घुरघुरणार, तेलकट चिंध्या उडणार, पोर लग्नाची. काटेवाल्याने मग बायकोची बाजू घेतली, शब्दाने शब्द वाढला, आणि फिटर बायकोला घेऊन भाड्याच्या जागेत गेला. शेड काही झाली नाही. पोरीचं लग्न झालं आणि ती परतही आली. पट्टीवर गवत माजलं.

आज तो आला, पण फाटकाबाहेर उभा राहिला.

"आत ये," मिस्त्रींची बहीण, आत्या, पायरीवरून म्हणाली. तिचा या घरात मुक्काम होता आणि तिच्या जिभेला काम लागायचं. "सही कागदावर करायची आहे, फाटकावर नाही."

"बोलावलं की येतो," फिटर म्हणाला.

काटेवाला आतून ओरडला, "आत्या, त्याला म्हणावं, पालिकेने बोलावलंय. आम्ही नाही."

"त्याला कान आहेत. तुझी टपाली नाही मी."

फिटर हसला आणि आत आला. येता येता त्याने बारकीच्या डोक्यावर टप्पल मारली, लहानपणी मारायचा तशीच. मग त्याला ट्रंक दिसली. त्याने वहिनीकडे बघितलं, वहिनीने मान वळवली.

इंजिनीअर बाई वेळेवर आल्या. पन्नाशीच्या असतील, खांद्याला पिशवी, पायात धुळीने भरलेले बूट. पाणीसुद्धा न घेता त्यांनी टेप काढला आणि कामाला लागल्या. टेपचं दुसरं टोक काटेवाल्याने धरलं. मापाचं काम म्हटलं की त्याला स्फुरण चढायचं.

"घर बघून घ्या बाई. भिंतीला एक भेग दाखवा. हे जोतं बघा, सगळं दगडी. दरवर्षी मी स्वतः रंगवतो."

"चांगलं ठेवलंय," बाई म्हणाल्या. "फळ्यांच्या भिंती, वर पत्रा. हलकं घर आहे." त्यांनी उजवी बाजू मोजली, डावी मोजली, कागदावर काहीतरी लिहिलं आणि वहिनीला विचारलं, "अर्ज तुम्ही केलाय ना? माडी कशाला चढवताय? शेजारी खोली काढली असती तर सोपं पडलं असतं."

"बसत नाही ना. हद्दीपासून जागा सोडायची म्हणता तुम्ही. ती सोडली की उरतं ते खाटेपुरतं. खाट टाकली की दार उघडायचं नाही."

"खरंय." बाई कंबरेवर हात ठेवून घराकडे बघत राहिल्या. "अगदी मधोमध बसलंय. दोन्हीकडे थोडी थोडी जागा, आणि कुठेच पुरत नाही. घर जरा डावीकडे असतं, तर उजवीकडे ऐसपैस खोली झाली असती, नियमात बसणारी. पण आता घर काय सरकवता येतं?"

त्या हसल्या. काटेवालाही हसला. बाई सरकारी म्हणून वहिनीही थोडी हसली. मिस्त्री हसले नाहीत. फिटर खाली बघून बुटाच्या टोकाने माती उकरत होता. हे वहिनीला त्या वेळी दिसलं, पण त्याचा अर्थ लागला तो नंतर.

"बरं, माडीचं बघू," बाई म्हणाल्या. "भार वाढणार म्हणजे पाया बघायला हवा. कोपऱ्यात एक खड्डा घेऊ."

"खुशाल घ्या," काटेवाला म्हणाला.

"नका खणू," मिस्त्री म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. म्हातारा खुर्चीत सरळ झाला होता. "माडीबिडी राहू द्या. वर चढून चढून पाय मोडतात माणसांचे."

"बाबा, माडी तुमच्यासाठी नाही, बारकीसाठी आहे," वहिनी म्हणाली.

"दादा, नको खणूस," फिटर म्हणाला.

इतक्या वर्षांत त्याने भावाशी तोंडाने बोललेले हे पहिले शब्द. काटेवाला क्षणभर गोंधळला आणि मग लाल झाला. "बघितलंत? आला तो आडवाच आला. माझ्या पोरीला डोक्यावर छप्पर मिळतंय तर ह्याच्या पोटात दुखतंय." त्याने कुदळ उचलली. कुदळीच्या दोन घावांतच जोत्याचा कोपऱ्यातला दगड हलला. काटेवाला थांबला. दगड असा हलायला नको होता. त्याने हाताने ओढला, तर तो पिंपाच्या झाकणासारखा अलगद निघून आला. त्याच्या शेजारचाही आला. मागे काळोख होता, आणि त्यातून गार, जुन्या डांबराचा वास येत होता.

त्याने पहार आत घातली, ती हातभर गेली, मग आणखी गेली. त्याचा हात खांद्यापर्यंत घराखाली गेला, आणि तरी पहार कशालाच लागली नाही. त्याने वर बघितलं तेव्हा त्याचा चेहरा वजनकाट्यावर ट्रक चढावा आणि काटा जागचा हलूच नये, असा झाला होता.

बाईंनी पिशवीतून टॉर्च काढला. नेसत्या कपड्यांचा विचार न करता त्या जमिनीवर पालथ्या झोपल्या आणि भोकात बघू लागल्या. त्या बराच वेळ तशाच होत्या.

"इथे काही नाही," जमिनीवरून आवाज आला.

"काही नाही म्हणजे?" काटेवाला म्हणाला.

"पाया नाही. दोन लांब तुळया आहेत, जमिनीवर आडव्या टाकलेल्या. ह्या अंगापासून त्या अंगापर्यंत. घर त्यांच्यावर ठेवलंय."

"ठेवलंय म्हणजे?"

"ठेवलंय म्हणजे ठेवलंय. फळीवर डबा ठेवतो तसं."

वहिनी दारात उभी होती. आपण उंबरठ्यावरून कधी खाली उतरलो ते तिचं तिलाही कळलं नाही. ती अंगणात आली आणि वळून घराकडे बघू लागली. याच घरात ती नवी नवरी म्हणून आली होती, याच घरात बाळंत झाली, याच घराचं जातं, कपाट, लोखंडी पलंग तिने इकडून तिकडे ओढले होते. भांडणात पाय आपटले होते. आणि इतकी वर्षं घर नुसतं ठेवलेलं होतं.

"मग हे दगडी जोतं?" आत्याने विचारलं.

"बाहेरून लावलंय नुसतं. झाकायला."

"परकर," आत्या म्हणाली. "आमच्या मिस्त्रींनी घराला परकर नेसवलाय. आणि हा दरवर्षी त्याला रंग देतोय."

कोणाला हसू आलं नाही. खुद्द आत्यालाही नाही. तिने पायरीवरून उठून अंगणातला दगड गाठला.

काटेवाला बापापुढे जाऊन उभा राहिला. "बाबा, हे काय आहे?"

"घर आहे," मिस्त्री म्हणाले.

"पाया का नाही?"

"जागा आपली नव्हती रे तेव्हा. भाड्याची होती. मालक लहरी माणूस, आज ठेवेल, उद्या उठा म्हणेल. म्हटलं, उठा म्हणाला तर घर घेऊन उठू. होडी चढवतो-उतरवतो तशा तुळया खाली टाकल्या आणि वर घर बांधलं. मला दुसरं बांधता कुठे येत होतं?"

"मग पुढे जागा विकत घेतली तेव्हा?"

"तेव्हा घर उभं होतं. उभ्या होडीला कोणी नवा कणा घालतं का?"

काटेवाल्याने दोन्ही हात डोक्याला लावले. मग त्याला काहीतरी आठवलं आणि तो गर्रकन फिरला. "तू म्हणालास नको खणूस. तुला माहीत होतं."

फिटर बापाकडे बघू लागला.

"त्याला माहीत होतं," मिस्त्री म्हणाले. "लहानपणी ह्याचा चेंडू गेला खाली. एक दगड काढून हा आत शिरला, आणि चेंडू तिथेच विसरून बाहेर येऊन मला विचारलं, बाबा, आपलं घर कुठे जाणार आहे? मी सांगितलं."

"त्याला सांगितलंत. मला नाही."

"तू विचारलं नाहीस."

"मला काय स्वप्न पडणार होतं?"

"तुला सांगितलं असतं तर तुला झोप लागली असती?" मिस्त्री म्हणाले. "तू लहानपणी पाटावर बसायच्या आधी पाट हलवून बघायचास."

काटेवाला जाऊन निघालेल्या दगडांपाशी बसला आणि त्यांच्यावरचा, स्वतःच दिलेला रंग नखाने खरवडू लागला. वहिनीला नवऱ्याची कीव आली, आणि त्याच वेळी तिच्या मनात भलतंच काही उलगडत होतं. पट्टीवरून भांडण झालं तेव्हा काटेवाला याच अंगणात ओरडला होता, 'घराचे काय दोन तुकडे करू? उचलून नेतोस?' आणि फिटर त्या वेळी विचित्र बघत राहिला होता. तिला वाटलं होतं, निरुत्तर झाला. तो निरुत्तर नव्हता. त्याला उत्तर माहीत होतं आणि ते त्याने गिळलं होतं. घर हलतं, एवढं बोलला असता तर त्या दिवशी वाटणीच्या गोष्टी निघाल्या असत्या. तो काही न बोलता भांडी बांधून निघून गेला, आणि वहिनीने मागून दार लावलं होतं, जरा जोरात.

बाईंनी कपडे झटकले. "मला जे दिसलं ते लिहावं लागणार. पायाचा प्रकार म्हणून रकाना आहे, तिथे काय लिहू तेच कळत नाही. पण माडी नाही देता येणार. कोणीच देणार नाही."

"कायमची नाही?" वहिनीने विचारलं.

"ह्या घरावर कधीच नाही."

बारकी पडद्यापाशी उभी राहून ऐकत होती. "बरं," ती म्हणाली, जणू दुकानदाराने साखर संपली म्हणून सांगितलं. मग ती खाली वाकली आणि ट्रंकेची कडी घातली. एवढा लहान आवाज, पण अंगणात सगळ्यांना ऐकू गेला.

त्या आवाजाने वहिनीच्या डोक्यात लख्ख झालं.

"बाबा," ती म्हणाली, "हे घर सरकतं?"

बाई पिशवीत टेप ठेवत होत्या, त्यांचा हात थांबला.

"मगाशी बाई म्हणाल्या, घर जरा डावीकडे असतं तर. तुळया इकडून तिकडे आहेत. डावीकडेच जातात ना त्या?"

"पाण्याच्या बाजूला," मिस्त्री म्हणाले. "डावीकडेच." म्हाताऱ्याच्या आवाजाला एकाएकी धार आली. "हातोडी द्या मला. आणि त्या भोकापाशी न्या."

फिटरने त्यांना काखेत धरून नेलं आणि जमिनीवर बसवलं. त्यांनी हातोडीने तुळईवर एक टोला दिला, कान लावला, पुढे सरकून दुसरा दिला. सगळं घराणं त्या ठकठक आवाजाकडे कान लावून बसलं होतं, डॉक्टर छाती तपासताना बसतात तसं.

"लाकूड जिवंत आहे," ते म्हणाले. "पलीकडचं ठाऊक नाही. मधलं कुजलं असेल तर घर मध्येच बसेल, आणि मग ना इकडचं ना तिकडचं. हेही ऐकून ठेवा."

"थांबा, थांबा," बाई म्हणाल्या. "तुम्ही घर सरकवायचं म्हणताय? हे, इथलं घर?"

"नियम नाही म्हणतो का?" आत्याने विचारलं.

"नियमाला हे सुचलेलंच नाही." बाई उलट्या घातलेल्या बादलीवर बसल्या. "आवाराच्या आत, रस्त्यावर न येता... मला वरच्या साहेबांना विचारावं लागेल. ते मला वेडी समजतील."

पण वहिनीचं लक्ष बाईंकडे नव्हतं. डावीकडे पट्टी होती. घर डावीकडे गेलं की पट्टी संपली, आणि पट्टीबरोबर शेड संपली. कधी काळी मिळेल म्हणून फिटर अजून भाड्याच्या खोपट्यात, पावसापाण्यात इंजिनं उघडून बसत होता. ज्या जागेवरून तिने त्याला घराबाहेर काढलं, तीच जागा ती आता त्याच्याकडे मागत होती.

"भाऊजी," ती म्हणाली.

"कळलं मला, वहिनी. डोकं चालतंय माझं." फिटर हात झटकत उभा राहिला. "पण तुम्ही नका विचारू. तुम्ही विचारलंत तर मी लगेच हो म्हणेन, आणि मग जन्मभर मला वाटत राहील की मी मूर्ख. दादाने विचारावं."

काटेवाला दगडांपाशी पाठमोरा बसला होता. त्याची पाठ हलली नाही. वहिनीला नवऱ्याची पाठ चांगली ओळखीची होती. ही पाठ आता रविवार उलटून गेला तरी वळायची नाही. तिने बारकीकडे बघितलं. बारकी भिंतीकडे बघत होती.

मग मिस्त्री कोणालाच उद्देशून न बोलता म्हणाले, "घराचं वजन किती असेल, देव जाणे. त्यावर सगळं आहे. दोर त्या हिशेबाने लागेल."

पाठ जरा सरळ झाली.

"फार नसेल," फिटर म्हणाला. "असेल एखाद्या मोठ्या होडीएवढं."

"मोठ्या होडीएवढं," काटेवाला पाठमोराच पुटपुटला. "असं असतं का वजन? अंदाजपंचे?" पण त्याच्याने राहवेना. "भरलेलं धरायचं की रिकामं?"

"रिकामं करता येईल?"

"करावंच लागेल. आत्याचं कपाटच एकटं एका बैलाएवढं आहे. पत्रा काढायचा?"

"पत्रा राहू दे, घर बांधून ठेवतो तो," मिस्त्री म्हणाले.

काटेवाला उठला. त्याने घराभोवती एक चक्कर मारली, फळीची जाडी बोटांत धरून बघितली, खांबाला खांदा लावून बघितला, वर बघून ओठ हलवले. मग त्याने एक आकडा सांगितला आणि थेट भावाकडे बघितलं. "दोर कुठला लागेल?"

फिटरही त्याच्याकडे बघत राहिला. "हेच विचारणं समजायचं का?"

"समज."

"बरं. दोर आहे माझ्याकडे. कप्प्याही आहेत."

"आणि शेड?" वहिनीच्या तोंडून निघून गेलं.

"शेडला चार खांब लागतात, वहिनी. घरामागच्या चिंचोळ्या जागेतही उभी राहील." मग तो हसला. "घुरघुर मात्र ऐकावी लागेल."

"ऐकेन," वहिनी म्हणाली.

बाईंच्या साहेबांना दोन वेळा सगळं सांगावं लागलं. पहिल्यांदा त्यांनी फोन ठेवून दिला, असं बाईंनी मागून सांगितलं. शेवटी उत्तर आलं ते असं की माडीचा अर्ज नामंजूर. घर आवाराच्या आत हलवायचं असेल तर स्वतःच्या जबाबदारीवर हलवावं, पालिकेचा माणूस हजर असावा, आणि हलवून घर धड उभं राहिलं तर शेजारच्या खोलीसाठी नवा अर्ज करावा. माणूस म्हणून बाई स्वतःच आल्या. शनिवार होता, त्यांच्या सुट्टीचा दिवस.

घरातलं सगळं सामान रस्त्याच्या कडेला मांडलं होतं. गल्लीतली माणसं आपापल्या दारांत उभी राहून कपाटं, गाद्या, पातेली बघत होती. शेजारच्या शिंप्याने विचारलं, "कुठे चाललात?" आत्या म्हणाली, "इथेच. घर चाललंय." शिंपी पुढे काही विचारायचं विसरून गेला.

फिटरने वीज तोडली, नळ तोडला. जोत्याचे सगळे दगड काढून ठेवले आणि घर पहिल्यांदाच आपल्या खऱ्या रूपात उभं राहिलं, खालून मोकळं, आरपार उजेड दिसणारं. वहिनीला ते बघवेना. तुळयांची डावी टोकं पट्टीवर नव्या तुळया जोडून लांबवली होती आणि सगळ्यांवर ग्रीस थापलं होतं. दोर डावीकडच्या दोन जाड झाडांना कप्प्या बांधून फिरवून आणला होता, आणि दोराला काटेवाला, फिटर, शिंपी, होड्यांच्या आवारातली माणसं, आणि पदर खोचून वहिनी. मागच्या अंगाला पहारी लावून आणखी काहीजण.

मिस्त्री खुर्चीत बसले होते. "आता बारकीला बोलवा."

"मला कशाला?"

"ज्याची होडी, हाक त्याने द्यायची. आपल्याकडे होडी पाण्यात लोटताना आरडाओरडा नसतो. मालक पुढे उभा राहतो आणि तिला नुसतं 'ये' म्हणतो. त्या शब्दावर बाकीचे ओढतात. ही खोली तुझी, तर हाक तुझी."

"आजोबा, माझा आवाज नाही जाणार."

"मग घरही नाही जाणार."

बारकी गवतातून चालत पुढे गेली आणि घराकडे तोंड करून उभी राहिली. सगळी गल्ली तिच्याकडे बघत होती. जिच्याशी दोन वर्षं एका घरात कोणी शब्द बोललं नव्हतं, तिने एका घराला बोलवायचं होतं. तिने तोंड उघडलं आणि बंद केलं. वहिनीचे हात दोरावर होते, डोळे लेकीच्या ओठांवर.

"ये," बारकी म्हणाली. तिचं तिलाच ऐकू गेलं असेल नसेल.

कोणी ओढलं नाही. मिस्त्रींनी मान हलवली. "ऐकू नाही आलं तिला."

बारकीने श्वास घेतला. मानेची शीर ताठ झाली. "ये."

दोर ताणला. वहिनीच्या तळहातात आग पेटली. काही झालं नाही. दोर करकरला, झाड करकरलं, काटेवाल्याच्या तोंडून दात खाल्ल्याचा आवाज आला. घर जागचं हललं नाही, आणि वहिनीला वाटलं, संपलं, मधलं लाकूड कुजलंय.

"ये," बारकी ओरडली. "ये म्हणते ना मी, ये."

आणि घर निघालं.

आधी आतून एक आवाज आला, झोपलेल्या माणसाने कूस बदलताना काढावा तसा. मग भिंती एकदम हलल्या, खिडक्या हलल्या, बोळातला रिकामा पडदा एका बाजूला झुलला. आपण ओढतोय हे वहिनी विसरली. ज्या दाराने ती आत आली होती ते दार तिच्या डोळ्यांसमोर, दिवसाढवळ्या, चालत होतं. आत्याने तोंडावर हात धरला. इंजिनीअर बाईंच्या हातातून टेप सुटून गवतात घरंगळला आणि त्यांनी तो उचललाही नाही. फक्त तुळयांवरून घसरणाऱ्या लाकडाचा आवाज, आणि बारकीचं 'ये', 'ये', मागे मागे सरकत दिलेलं, रांगणाऱ्या पोराला पुढे बोलवावं तसं.

"पुरे," मिस्त्री म्हणाले.

घर थांबलं. दोर सैल झाला. माणसं एकमेकांकडे बघत राहिली, जणू दुसऱ्याच कोणीतरी हे केलं होतं. काटेवाला धापा टाकत फिटरला म्हणाला, "माझा आकडा बरोबर निघाला." फिटर म्हणाला, "दोर माझा होता." आणि दोघं एकदमच खाली बसले.

घर जिथून हललं होतं तिथे, उजवीकडे, जमिनीचा एक पट्टा उघडा पडला होता. मातीचा रंग वेगळा, फिकट. काटेवाल्याच्या जन्माआधीपासून तिथे ऊन पडलेलं नव्हतं. आज पडत होतं. त्यात एक चेंडू पडला होता, चपटा झालेला. फिटर त्याच्याकडे लांबूनच बघत राहिला.

वहिनीने वळून बघितलं तर बारकी जागेवर नव्हती. मग तिला दिसलं, बारकी रस्त्याच्या कडेला, सामानाच्या ढिगात शिरली होती. गाद्या बाजूला करून तिने आपली ट्रंक ओढून काढली. दोन्ही हातांनी उचलली. फाटक त्या बाजूलाच होतं.

वहिनी उभीच राहिली. हाक मारावीशी वाटली.

बारकी फाटकाला वळसा घालून आत आली. फिकट मातीच्या पट्ट्यावर चालत गेली, थोडी थांबली, इकडे तिकडे बघितलं, मग ट्रंक खाली ठेवली. पुन्हा जरा सरकवली.

"बाई," तिने इंजिनीअर बाईंना हाक मारली, आणि तिचा आवाज अजून मघासारखाच मोठा होता, "दार मला इथे हवं. ह्या बाजूला. लिहून घ्या."